पावसाआधीची परसबाग

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुलगावहून नाचणगावात शिरलं, तर घरामागच्या सांदवाड्यांमध्ये हिरवं म्हणावं असं फार काही दिसत नाही. न्हाणीच्या पाण्यावर तगलेलं अळू, कुंपणाकडेचा मुंगणा, एखादं कढीलिंबाचं झाड, बस. बाकी काळी माती भेगाळलेली, आणि भेगा अशा की पोराचा हात मनगटापर्यंत आत जावा. गेल्या वर्षीच्या दोडक्याचा वाळका वेल मांडवावर तसाच लोंबत असतो. पारा पंचेचाळिशीच्या आसपास. भाजीपाल्याचा विचार करायला याहून वाईट वेळ सापडणार नाही, असं कुणालाही वाटेल. प्रस्तुत पुस्तकाला मात्र ते मान्य नाही. येणाऱ्या हंगामाची भाजी ठरते ती याच दिवसांत, काही बाबतींत तर त्याच्याही चार महिने आधी, असं ते सांगतं.

परसबागेवर मराठीत लिहिलं गेलेलं कमी नाही. पण त्यातलं बरंचसं बियाण्यापासून सुरू होतं: कोणतं बी, किती अंतरावर, किती खोल. हे पुस्तक सुरू होतं ताटापासून. घरात माणसं किती, आठवड्यात पालेभाजी किती वेळा होते, कारलं कुणी खातं का, पाहुण्यांचे महिने कोणते, भाजी महाग कधी होते, हे आधी लिहून काढायचं. मग मागे मागे येत जमिनीपर्यंत पोचायचं. हिशेबाची ही उलटी रीत नवी वाटली तरी ती वर्धा जिल्ह्याच्याच मातीतली आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

नाचणगाव हे देवळी तालुक्यातलं, पुलगावला अगदी लागून असलेलं मोठं गाव. जनगणनेच्या लेखी ते नगर ठरतं, पण राहणी निम्मी खेड्याची. शिवारात कापूस, सोयाबीन, तूर. घरापाशी मात्र कुणाकडे दोन गुंठ्यांची सांदवाडी, कुणाकडे चार फुटांची पट्टी, तर नव्या वस्तीत नुसता स्लॅब. शेतीचा अनुभव असलेली माणसं आणि भाजी विकत घेणारी माणसं इथे एकाच घरात सापडतात. ज्याच्या शेतात पाच एकर पऱ्हाटी उभी आहे तोच सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी बाजारातून आणतो, हे दृश्य विदर्भात आता कुणाला खटकतही नाही.

पूर्वी असं नव्हतं. कापसाच्या वावरातच चार ओळी अंबाडीच्या, चार चवळीच्या असत. धुऱ्यावर भेंडी आणि काकडीचे वेल चढत. घरामागच्या वाडीत वांगी, मिरची, वालाच्या शेंगा, कोहळं. अक्षय तृतीयेच्या सुमारास आळी करून वेलांचं बी टाकायचं, वर बोरीच्या काट्या लावायच्या आणि घागरभर पाण्यावर रोप तगवून मृगाच्या हवाली करायचं, असा शिरस्ता होता. बी राखण्याचं काम घरातल्या बायकांचं. चांगला लांब, बिनकिडीचा दोडका वेलावरच वाळू द्यायचा आणि चुलीच्या धुराजवळ टांगून ठेवायचा. वांग्याचं बी राखेत घोळून गाडग्यात. या सगळ्या व्यवस्थेचं श्रेय आपल्याकडे ‘परंपरा’ नावाच्या भोंगळ गोष्टीला दिलं जातं. ते त्या बायकांना द्यायला हवं. कोणत्या वेलाचं बी राखायचं आणि कोणता भाजीत टाकायचा, हा निर्णय दरवर्षी कुणीतरी डोळ्यांनी पाहून घेत होतं.

दुसरी शाळा नदीची. वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यांत पावसाळा सरला की उघड्या पडलेल्या वाळूत ढिवर-भोई कुटुंबं डांगरवाड्या लावत आली आहेत. वाळूत खड्डा घ्यायचा, ओल लागेपर्यंत खाली जायचं, तळाशी शेणखत घालून बी लावायचं. टरबूज, डांगर, काकडी, कारली. ना स्वतःची जमीन, ना विहीर. खत फक्त मुळापाशी, पाणी फक्त मुळापाशी. आज कुंडीत भाजी लावणारा माणूस जे तंत्र नवं म्हणून शिकतो, त्यातलं बरंच या वाळूत आधीपासून आहे. परसबागेच्या इतिहासात डांगरवाडीचा उल्लेख सहसा येत नाही. या पुस्तकात तिला स्वतंत्र जागा मिळाली, हे चांगलं झालं.

विचार म्हणून परसबागेकडे पाहण्याची सुरुवात वर्ध्यात झाली ती १९३४ च्या अखेरीस, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा. जमनालाल बजाजांनी दिलेली बागेची जागा मगनवाडी झाली. तिथे तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्या जोडीला आहाराचे प्रयोग चालत. गांधीजींनी १९३५ साली ‘हरिजन’मधून हिरव्या पाल्याच्या आहारमूल्याबद्दल लिहिलं, साधा, फुकट मिळणारा पाला कच्चा खाऊन पाहण्याचे प्रयोग स्वतःवर आणि सोबत्यांवर केले. सोबत्यांना ते किती आवडले असतील हा प्रश्न वेगळा! त्याच सुमारास आल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला विकसित केलेल्या कंपोस्ट पद्धतीलाही गांधीजींनी ‘हरिजन’मधून प्रसिद्धी दिली. पाला खाणं आणि पाल्याचं खत करणं या दोन गोष्टी तेव्हापासून वर्ध्यात एकत्र आहेत.

ताटापासून जमिनीकडे येणारा हिशेब मांडला तो मगनवाडीतल्या जे. सी. कुमारप्पांनी. ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी समतोल शेतीची कल्पना तपशिलात मांडली. एक लाख वस्तीचा प्रदेश धरायचा, त्या माणसांना वर्षभर धान्य, डाळ, गूळ, तेल, भाजी, फळं आणि कापूस किती लागेल ते काढायचं आणि त्या प्रमाणात जमीन वाटून द्यायची. बाजारात काय विकलं जातं त्यावरून नव्हे, तर माणसाला काय लागतं त्यावरून पीक ठरवायचं. एक लाखाच्या प्रदेशात हे कधी उतरलं नाही. कापसाच्या भावावर जगणाऱ्या जिल्ह्यात तर उतरणं कठीणच होतं. पण पाच माणसांच्या घरात, अर्ध्या गुंठ्यावर, ते आजही करता येतं. या पुस्तकाचा कणा तोच आहे.

पवनारला विनोबांनी १९५० साली कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभला: पैशावाचून जगायचं, तर अन्न स्वतःच्या हातांनी पिकवायचं. बैलही वापरायचे नाहीत. ती ‘ऋषिशेती’. विहीर खणण्यापासून भाजी लावण्यापर्यंत सगळं अंगमेहनतीने. पुढच्याच वर्षी विनोबा तेलंगणात गेले, भूदान सुरू झालं आणि त्या वाडीची गोष्ट मागे पडली. तरीही छोट्या तुकड्यात माणसाचे दोन हात किती काम करू शकतात, याचा तो एक गंभीर प्रयोग होता, आणि परसबाग हे मुळात हातांचंच काम आहे.

याच परंपरेतून आलेलं, पण कितीतरी जास्त पसरलेलं नाव म्हणजे नाडेप. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका. विटांमध्ये जागोजाग झरोके ठेवून बांधलेली १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच टाकी. तिच्यात पालापाचोळा, कुटार, थोडं शेण आणि चाळलेली माती यांचे थर. शेण सुमारे १०० किलो पुरतं, आणि ज्या घरात एकच जनावर उरलं आहे त्या घरासाठी हीच मोठी गोष्ट. टाकी भरल्यावर खत व्हायला ९० ते १२० दिवस लागतात. आता मृगापासून उलटं मोजा. जून महिन्यात वाफ्यात खत हवं असेल तर टाकी फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरलेली पाहिजे. मे महिन्यात शेणखत शोधत फिरणारा माणूस हंगामाला चार महिने उशिरा जागा झालेला असतो.

कोल्हापूरकडे एक निराळी शाळा उभी राहिली. श्रीपाद अच्युत दाभोळकर हे गणिताचे माणूस. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला, तोही कसा, तर विद्यापीठाच्या भिंतींबाहेर, शेतकऱ्यांनी एकमेकांना शिकवावं अशा पद्धतीने. तासगावच्या द्राक्षबागायतदारांपासून मुंबईच्या गच्च्यांपर्यंत त्यांचा प्रभाव पोचला. ‘विपुलाच सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकात शेतीचा हिशेब एकरात नसून ऊन पकडणाऱ्या हिरव्या पानात आहे. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा निर्वाह व्हावा, हे त्यांचं गणित अनेकांनी पडताळलं, अनेकांनी नाकारलं. वांद्र्याच्या डॉ. रमेश दोशींनी गच्चीवर पिशव्यांत ऊस घेतला. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. नाचणगावच्या स्लॅबवर राहणाऱ्याला ही शाखा जवळची. फक्त मुंबईचं ऊन आणि वर्ध्याचं ऊन यांत फरक आहे, हे विसरून चालत नाही. मेमध्ये इथल्या स्लॅबवर उघडी ठेवलेली काळी प्लास्टिकची कुंडी मुळं अक्षरशः शिजवते.

आणि मग अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर. देशी गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती यांचं जीवामृत. बाहेरून काही विकत आणायचं नाही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा गांडूळखताला विरोध, कंपोस्टच्या ढिगांबद्दल नाराजी; इकडे नाडेपवाले टाकीशिवाय पान हलू देत नाहीत. हा वाद शेताच्या पातळीवर खरा आहे. सांदवाडीच्या पातळीवर तो पुष्कळसा पोकळ ठरतो. ज्या घरातून रोज ओंजळभर भाजीची देठं निघतात त्यांनी ती कुजवावी, आणि ज्यांच्याकडे गाय आहे त्यांनी जीवामृतही करावं; खत कोणत्या पंथाचं आहे हे वांगं विचारत नाही. पुस्तकानेही कुणा एकाची बाजू घेतलेली नाही, आणि ते बरं केलं.

बियाण्याची गोष्ट मात्र इतक्या सहज मिटत नाही. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली. त्याआधी ते पुसा सावनी भेंडीचं बी तयार करत होते. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढलं, रोगाला टिकणारी वाणं मिळाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित दोडक्याचं बी राखून पुढच्या वर्षी लावलं तर तोच दोडका येईल याचा भरवसा नाही, आणि मग चुलीजवळ टांगलेला तो वाळका दोडका हळूहळू दिसेनासा झाला. पाकिटावरचं अवलंबित्व असं घरात शिरलं. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, पालेभाज्या आणि भाताची देशी वाणं गोळा करून बीजबँक उभी केली, त्यासाठी २०२० ची पद्मश्री त्यांना जाहीर झाली, तेव्हा अनेकांना आपल्या आजीचं गाडगं आठवलं असेल. पुस्तकाचा सल्ला व्यवहारी आहे: वांगी, वाल, दोडका, अंबाडी, चवळी यांचं बी घरचं राखा, कोबी-फुलकोबीसाठी पाकीट विकत घ्या आणि वाईट वाटून घेऊ नका. आपल्या उन्हात त्यांचं बी धरणं परसबागेच्या आवाक्यातलं नाही.

बी घरचं असो की दुकानाचं, ते आधी तपासायचं. मे महिन्यात करायच्या कामांत हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. जुन्या गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर वीस बिया ओळीने मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात गुंडाळी उघडून मोड मोजायचे. सोळा-सतरा उगवले तर बी उत्तम. बाराच उगवले तर पेरणी दाट करायची. आठच असतील तर ते बी कोंबड्यांना.

जमिनीचंही तसंच. इथली काळी माती उन्हाळ्यात फाटते आणि श्रावणातल्या झडीत चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो रांगेत उभा राहून येत नाही. म्हणून पुस्तकाचा भर गादीवाफ्यावर आहे: तीन फूट रुंद, वीतभर उंच, उताराकडे चर काढलेला. एप्रिल-मेच्या उन्हाचा उपयोगही आहेच. वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक कडा बुजवून चार ते सहा आठवडे ताणलं, की आतल्या उष्णतेने तणाचं बी आणि रोपं कोलमडवणाऱ्या बुरशा बऱ्याच प्रमाणात मरतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९७६ साली ही पद्धत मांडली. उन्हाळी नांगरट करून ढेकळं तापवणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला तिचं नवल वाटायला नको. रोहिणी नक्षत्र लागलं की त्याच वाफ्याच्या एका कोपऱ्यात वांगी-मिरचीची रोपवाटिका टाकायची, म्हणजे जूनअखेर रोपं लावणीला येतात.

मांडवाबद्दल एक सूचना इथेच द्यायला हवी, कारण ती इतर पुस्तकांत क्वचित सापडते. पऱ्हाटी फुकट मिळते म्हणून मागच्या हंगामातली पऱ्हाटी मांडवाला किंवा कुंपणाला वापरण्याचा मोह कापसाच्या पट्ट्यात सगळ्यांनाच होतो. तिच्यावर राहिलेल्या वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि नव्या हंगामात शेजारच्या वावरात जाते. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कापसाचं काय केलं ते सांगायला नको. मांडवाला बांबू घ्यावा, नाहीतर तुराट्या.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले. परसबाग आता का, या प्रश्नाचं एक उत्तर तिथे आहे. कपाशीचा उरलेला डबा आणि तोच पंप घरामागच्या वांग्यावर चालवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, आणि ते वांगं संध्याकाळी चुलीवर चढतं. दुसरं उत्तर आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाजी सुचवली आहे. पाच माणसांच्या घराला ती रोज दोन किलो होते, महिन्याला साठ. ज्या घरात आठवड्यातून चार दिवस डाळीवर आणि चटणीवर भागतं, त्या घरासाठी हा आकडा दूरचा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली तेव्हा तो आणखी दूर गेला.

अर्ध्या गुंठ्याची सांदवाडी साठ किलोची भरपाई दर महिन्याला करेल, असं हे पुस्तक कुठेही म्हणत नाही. सुरुवात पालेभाजीपासून करा, असं म्हणतं, कारण ती लवकर येते, कमी जागेत येते आणि ताटात तिचीच उणीव जास्त असते. मेथी तीसेक दिवसांत काढायला येते. एकदम सगळा वाफा पेरला तर एक आठवडा मेथीच मेथी आणि मग महिनाभर काही नाही; म्हणून दर पंधरवड्याला एकेक पट्टा. कारल्याचे दोन-तीन वेल पुरे. वांग्याची दहा-बारा झाडं. पहिला पाऊस आणि पहिली भेंडी यांच्यामधले दीड-दोन महिने जड जातात, त्याचीही तजवीज आहे. तेव्हा तरोटा, घोळ, कुंजरा या न पेरता उगवणाऱ्या भाज्या असतात, आणि उन्हाळ्यात घालून ठेवलेले सांडगे, वाळवलेली गवार, हरभऱ्याचा वाळवलेला पाला असतो. वाळवण हे परसबागेच्या वेळापत्रकात धरायचं असतं, ही साधी गोष्ट शहरी पुस्तकांच्या ध्यानात येत नाही. तणनाशक मारलेल्या वावरातला तरोटा मात्र आणू नये, हेही लेखकांनी स्पष्ट बजावलं आहे.

सरकारी पातळीवर ‘उमेद’ अभियानाची ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम झाली, शाळांतून परसबागा लागल्या. देवळी तालुक्यातच सेलसुऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत. माहितीचा तुटवडा नाही. मोहिमेच्या फोटोत वाफे गोल आणि देखणे दिसतात. पुढच्या मे महिन्यात त्यांचं काय होतं, हे पाहायला कुणी जात नाही. हे पुस्तक तिथून पुढे जाऊ पाहतं. एका हंगामाची बाग दुसऱ्या हंगामाला कशी जोडायची, हा त्याचा खरा विषय: कोणत्या वाफ्यात वांग्यानंतर वांगं लावू नये, वाल कुठे फिरवावा, पोळ्याच्या सुमारास रब्बीच्या सांभार-पालकासाठी कोणता तुकडा मोकळा करावा, आणि माघात खताची टाकी भरताना पुढच्या जूनचा विचार कसा करावा.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या आहेत. पॉलिहाउस नाही, पाण्यावरची शेती नाही, विक्रीसाठीचं उत्पादन नाही. तक्त्यांमधल्या तारखाही वर्ध्याच्या आहेत. कोकणातल्या वाचकाने त्या जशाच्या तशा घेऊ नयेत. तिथे तीन हजार मिलिमीटर पावसात मिरचीचं रोप वाचवणं हाच वेगळा अभ्यास. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे वेळापत्रक जवळजवळ उलटं करावं लागेल, कारण तिथला भाजीचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतो. त्यांनी तारखा सोडून द्याव्यात आणि फक्त दिवसांची अंतरं घ्यावीत: खताला १२० दिवस, माती तापवायला चाळीस, बी तपासायला सात, रोपाला तीस-पस्तीस.